सुभेदारांची गैरहजेरी

मामा गेले आणि तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर एक रणगाडा होता, दोन लढाऊ विमानं होती, पंख पसरलेला गरुड होता, मागं आभाळ पेटलेलं होतं. आणि या सगळ्या धुमाळीच्या मधोमध पांढरी टोपी आणि तुळशीची माळ घातलेले, पिठलं मनासारखं जमल्यावर माणूस हसतो तसे हसणारे आमचे सुभेदारमामा. खाली शोकाकुलांचे फोटो. त्यांतले दोघे गॉगल लावून शोकाकुल झाले होते.

शोकसभेत पहिल्याच वक्त्यानं मामांना बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर आणि कारगिल अशी चार युद्धं लढायला लावली. बासष्ट साली मामा शेळ्या राखत होते, आणि कारगिलच्या वेळी पेन्शनीत येऊन साताऱ्यातल्या एका बँकेच्या दारात स्टुलावर बसत होते. दुसऱ्या वक्त्यानं त्यांच्या हातून रणगाडे फोडवले. मामी बायकांच्यात बसून ऐकत होत्या. शेजारणीकडं झुकून म्हणाल्या, "ह्यास्नी कधी नारळ एका दणक्यात फुटला न्हाई."

साताऱ्याकडं फौजी असणं ही काही सांगायची गोष्ट नाही. अपशिंगे हे गाव तर आपल्या नावापुढं ‘मिलिटरी’ लावतं. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली निघाली तीही साताऱ्यातच. आमच्या भागात पोरगं दहावीच्या उंबऱ्यावर आलं की पाव्हणेमंडळी मार्क विचारत नाहीत, छाती विचारतात. आणि ‘फुगवून किती’ हा पुरवणी प्रश्न असतो. मामांनी कधीतरी अशीच छाती फुगवली आणि ते बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरमध्ये पोचले. या रेजिमेंटची सगळ्यात जुनी पलटण १७६८ सालची. मामांच्या मते त्यांच्या वेळच्या लंगरातली डाळही त्याच साली चढवलेली होती.

लाइट इन्फन्ट्रीची चाल साध्या पायदळापेक्षा झपाट्याची. ती एकदा पायात शिरली की निघत नाही. मामा-मामी मिळून देवळात जायला निघत, आणि मामी पारापर्यंत पोचेतो मामा विठ्ठलाचं दर्शन घेऊन, बुक्का लावून परत फिरलेले असत. मग ते पुन्हा मामींबरोबर देवळात जात. "एका फेरीत दोन दर्शनं," असं ते म्हणत. मामी म्हणत, "जोडीनं एक झालं आसतं तर चाललं आसतं."

मामांची अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली. या सगळ्या काळात घरच्या लेखी त्यांचा एकच पत्ता होता: मार्फत ५६ एपीओ. फौजेच्या टपालाची रीतच तशी. पलटण कुठं आहे ते पाकिटावर लिहायचं नाही, नुसता आकडा. आमच्या आजीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिची पक्की समजूत की छप्पन एपीओ हे फलटणसारखं एक गाव आहे, आणि तिथली हवा वाईट आहे. कारण एका पत्रात मामा लिहीत की इथं बर्फ गुडघाभर आहे, पुढल्या पत्रात लिहीत की वाळवंटात पाय भाजतात. "आसल्या गावात मानसं ऱ्हात्यात तरी कशी?" असं ती पोस्टमनला विचारी. एकदा तर तिनं मामांना लिहवून घेतलं की छप्पन एपीओत एखादी बरी जागा बघून ठेव, म्हणजे सुनेला घेऊन मी महिनाभर येते. मामांनी ते पत्र पलटणीत वाचून दाखवलं. तेव्हापासून त्यांच्या कंपनीत कुणाची बदली झाली की ‘आजीच्या गावाला जागा बघायला गेला’ असं म्हणायची पद्धत पडली.

फौजीला वर्षाची मोठी रजा दोन महिन्यांची. ती सुगी, जत्रा, लग्नं आणि भाऊबंदांची भांडणं यांत वाटून द्यायची. रजा पुरली नाही की तार. ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’ या मजकुरावर तारखात्यानं बरीच वर्षं पोट भरलं असेल. तार बंद झाली २०१३ साली. तोवर साताऱ्या-सांगलीकडच्या आया वर्षातून एकदा, बहुधा ज्वारी काढणीच्या आसपास, गंभीर आजारी पडत आणि मुलगा खळ्यात उतरला की खडखडीत बऱ्या होत. आमच्या आजीनं अशी कितीतरी दुखणी अंगावर काढली आणि नव्वदीच्या घरात जाऊन, एकही तार न करता, झोपेत गेली.

पुढं मामा स्वतः सुभेदार झाले आणि पोरांच्या तारा त्यांच्या हातात यायला लागल्या. कोणत्या गावात कोणतं पीक कधी काढणीला येतं हे या माणसाला बोटावर पाठ. तारीख बघितली की आईच्या आजाराचं निदान त्यांना होई. मी एकदा विचारलं, "मामा, खोटी तार कळायची, तर मग रजेची शिफारस का करायचात?"

"आरं, आई सीरियस नसंल," मामा म्हणाले, "पर पोरगं तर सीरियस आसतंय न्हवं?"

एका रजेची गोष्ट मामी सांगतात. मामा रात्रीच्या एसटीनं आले. पुण्याला झेलम एक्स्प्रेस लेट, पुढं एसटी बिघडलेली, दाढी वाढलेली, डोक्यावर काळी पत्र्याची ट्रंक. धाकटी मुलगी ओट्यावर होती. तिनं निरखून बघितलं आणि आत जाऊन वर्दी दिली, "आई, तुझं पाव्हणं आलंय." मामा उंबऱ्यातच थांबले. पाव्हणा म्हटल्यावर पाय धुवायला पाणी मिळेपर्यंत आत कसं यायचं! पोरीनं तांब्या आणून दिला, "बसा" म्हणाली, आणि तिच्या वाटणीचा गूळ तिनं त्यांच्या हातावर ठेवला. दोन दिवस मामा त्या घरात पाव्हण्यासारखे राहिले. तिसऱ्या दिवशी पोरीनं आईला विचारलं, "हे कधी जाणार?" हा प्रश्न कानावर पडल्यावर मामांनी पेन्शनीत आल्यावर काय करायचं ते ठरवून टाकलं असावं, कारण पेन्शनीत आल्यावर ते जे घरात बसले ते कुणाच्या सांगण्यानं हलेनात.

अठ्ठावीस वर्षांची गैरहजेरी भरून काढायची होती ना! त्यांनी ती एकदम, व्याजासकट भरायला घेतली. मामी भाकरी थापत असल्या की मामा शेजारी. मामी जात्यावर, मामा समोर. मामी ओढ्यावर धुण्याला, मामा काठावर, बादलीवर नजर ठेवून. मामींनी आमच्या आईला निरोप पाठवला की तुझ्या भावाला दोन महिने तुझ्याकडं ने. आई म्हणाली, "वहिनी, रजा संपली आता त्याची." मामी म्हणाल्या, "तेच तर!"

हुकूम करायची सवय होती, पण ते झेलणारं घरात कुणी नव्हतं. पहाटे साडेचारला मामा शिट्टी वाजवत. पहिल्या दिवशी सगळं घर उठलं, दुसऱ्या दिवशी फक्त म्हैस. पुढं म्हैस मात्र शिट्टीवर उठायला शिकली आणि ‘थम’ म्हटलं की थांबायलाही. नातवंडांना ते ‘फॉलिन’ म्हणत. नातवंडं फॉलिन होत, पण आजोबांच्या अंगावर. सगळ्यात धाकटा त्यांच्या खांद्यावर बसून त्यांनाच ‘पीछे मुड’ सांगे आणि सुभेदारसाहेब टाच आपटून पीछे मुडत. घरात सगळ्यांत जास्त हुकूम मामा सोडत आणि सगळ्यांत जास्त हुकूम पाळतही तेच, असा हिशेब होता.

ती काळी ट्रंकही हुकमाबाहेर गेली. तिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा आणि नाव. प्रत्येक बढतीला आधीचा हुद्दा खोडून नवा लिहिलेला, त्यामुळं शिपाई, नाईक, हवालदार, नायब सुभेदार असे सगळे एकमेकांच्या पाठीवर चढून उभे. मामांच्या डोळ्यांदेखत मामींनी तिच्यात कुरडया भरल्या. मामा नुसते म्हणाले, "ओल लागंल." मग स्वतःच खाली विटा लावून दिल्या.

नोकरीतली शेवटची बरीच वर्षं मामा क्वार्टरमास्टरच्या स्टोअरमध्ये होते. रणगाडे फोडणाऱ्या वक्त्याला हे कळलं असतं तर तो खचला असता. कांबळी, मेस टिन, खोरी, बूट, सगळ्याची मोजदाद. ती सवय घरी आली. लांबुळक्या वहीत घरातल्या वाट्या, चमचे, उशा, छत्र्या यांची नोंद आणि दर महिन्याच्या एक तारखेला तपासणी. चमचा कमी भरला की ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’. ओट्यावर सतरंजी, तिच्यावर मामा, समोर संशयित. जाबजबाब व्हायचे. म्हशीचीही साक्ष व्हायची. आणि कसून तपास होऊन दोषी कोण हे अगदी उजेडात यायच्या बेतात असलं की मामा वही मिटत आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहीत: फेअर वेअर अँड टेअर. वापरून वापरून जी वस्तू आपसूक झिजते तिचा दंड जवानाकडून वसूल करत नाहीत, असा स्टोअरचा नियम. मामांच्या घरात तो फार लांब ताणला गेला. नवा कोरा आरसा क्रिकेटच्या चेंडूनं झिजला. शेजाऱ्याच्या कोंबड्या आमच्या कुत्र्यानं झिजवल्या. नातवाचं गणित दोनदा झिजलं. थोरल्या मुलीनं जातीबाहेर लग्न ठरवलं तेव्हा भावकी ओट्यावर जमली, चार जण तावातावानं बोलले, मामांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, वही मागवली, शेरा लिहिला आणि विचारलं, "आता मांडवाला बांबू कोन देतंय?"

माळकरी माणसाकडं फौजी कँटीनचं कार्ड असणं हा नियतीचा विनोद आहे. दर महिन्याला रमचा कोटा हक्काचा आणि मामा वासालाही उभे राहायचे नाहीत. ते कँटीनमधून साबण, चहा, खोबरेल, फार तर प्रेशर कुकर आणत. आमच्या साऱ्या गोतावळ्यात एकाच जातीचा कुकर आहे, आणि लग्नकार्यात झाकणांची अदलाबदल झाली की ती पुढल्या लग्नातच परत मिळतात. पण बाटल्या तशाच राहतात हे पाव्हण्यांच्या जिवाला लागायचं. मामा असे काही दुखणेकरी गोळा करून होते की ज्यांच्यावर जगात एकच औषध चाले. एक चुलत मेहुणे तर गुडघ्याला चोळायला म्हणून मागत. मामांनी त्यांचं म्हणणं गांभीर्यानं घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचाला, लाइट इन्फन्ट्रीच्या चालीनं, कोमट तिळाचं तेल घेऊन ते मेहुण्यांच्या दारात. गुडघा अर्धा तास रगडला. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी मेहुणे अंगणात पळून दाखवत होते. तरी मामा आठवडा पुरा करूनच थांबले, म्हणाले, "कोर्स आर्धा सोडू नये."

पुढं बँकेत लागलेली नोकरी मात्र त्यांच्या मनासारखी होती. बारा बोअरची बंदूक, खाकी डगला आणि दारात स्टूल. त्यांच्यावर जबाबदारी रकमेची. त्यांचं लक्ष म्हाताऱ्यांवर. एखादी म्हातारी स्लिप घेऊन गोंधळलेली दिसली की मामा बंदूक काखेत धरून तिची स्लिप भरून देत. मग तिच्या मागचीची. बघता बघता त्यांच्या स्टुलापुढची रांग काउंटरच्या रांगेपेक्षा लांब झाली. साहेबांनी दोनदा समज दिली की तुम्ही सुरक्षारक्षक आहात. मामांनी ‘येस सर’ म्हणून कडक सलाम ठोकला आणि खिशात आणखी एक पेन ठेवलं. ती शाखा कधी लुटली गेली नाही. दरोडेखोर आलाच असता तर मामांनी त्याला आधी विड्रॉलची स्लिप भरून दिली असती आणि सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारली असती.

लढाईच्या गोष्टी सांगा म्हणून आम्ही पोरं सुट्टीत त्यांच्या मागं लागत असू. ते एकाहत्तरला नवे जवान होते, पण त्यांची पलटण वेगळी. पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरची गोष्ट त्यांनी रेजिमेंटातल्या रेजिमेंटात ऐकलेली. डिसेंबर १९७१. जंगी पलटण, म्हणजे पहिल्या मराठा बटालियननं, जमालपूरची वाट अडवून धरलेली. आतल्या पाकिस्तानी कर्नलला शरण ये म्हणून चिठ्ठी गेली आणि त्यानं उलट चिठ्ठीत काडतूस गुंडाळून पाठवलं. आम्ही डोळे विस्फारून ऐकायचो. पुढं काय, पुढं काय? पुढं तुंबळ झालं आणि जमालपूर पडलं. पण मामा तिथवर पोचायचेच नाहीत. ते चिठ्ठी घेऊन गेलेल्या बंगाली माणसापाशीच अडकायचे.

"काडतूस समद्यास्नी ठावं हाय," ते म्हणत. "पर त्यो गडी दुश्मनाच्या गोटात गेला, जवाब घिऊन माघारी आला, त्याला आल्यावर कुनी च्या पाजला का? त्याच्या घरी कुनी वाट बगत हुतं का? ह्ये कुनीच सांगत न्हाई." आणि मग ते आम्हाला चहा पाजत. इतकी शूर पलटण, इतकी जुनी रेजिमेंट, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणून तुटून पडणारी. आणि आमच्या वाट्याला आलेले युद्धकथाकार हे असे.

स्वतःविषयी विचारलं तर एकाच शौर्याची कबुली देत: त्यांनी एकदा शंभर माणसांच्या बडा खान्याचं मटण एकट्यानं सांभाळलं होतं. ते खरं असावं, कारण त्यांना कमी माणसांचा स्वयंपाक जमतच नसे. मामी माहेरी गेल्या आणि मामांनी उपमा केला की आळीतल्या सगळ्या घरांत त्या दिवशी उपमा असे.

२०१५ साली ‘वन रँक वन पेन्शन’ लागू झाली. थकबाकी सहा-सहा महिन्यांनी चार हप्त्यांत यायची होती. पहिला हप्ता जमा झाला त्या दिवशी मामा सराफाकडं गेले आणि मामींच्या पाटल्या घेऊन आले. थोरलीच्या लग्नात मोडल्या होत्या, त्यांचं वजन वहीत लिहिलेलं होतं. मामी म्हणाल्या, "आता ह्या वयात कुठं मिरवू?" मामा म्हणाले, "मिरवू नगं. स्टॉक पुरा झाला, एवडंच." उरलेल्या तीन हप्त्यांचं काय झालं ते घरात कुणाला नीट कळलं नाही. ते गेल्यावर मात्र तीन अनोळखी पोरं येऊन मामींच्या पाया पडून गेली. एक भरतीला बेळगावला गेलेला, एक आयटीआयला होता, आणि तिसरा काय करतो ते त्यानं सांगितलं नाही, नुसता रडला.

गेले ते तसे चटकन. पलटणीतले जुने लोक नातेवाइकांच्या आधी पोचले. बातमी त्यांना कशी कळली, फौजी जाणे. आम्ही ‘आता पुढं काय करायचं’ म्हणून एकमेकांची तोंडं बघत असताना त्यांतले एक वयस्क हवालदार म्हणाले, "साबनं फाइल ठेवली असंल, बघा." फाइल होती. कुरडयांच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. वर लिहिलेलं: ‘माझ्या पश्चात’. आत त्या लांबुळक्या वहीतल्याच अक्षरात कलमवार सूचना. पहिलं कलम: रडणे, वेळ अर्धा तास. दुसरं: ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला, प्रती दहा, कमी घेऊ नयेत, परत हेलपाटा पडतो. तिसरं: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाणे, जेवणाच्या सुट्टीआधी पोचणे. पेन्शनचे कागद, दोघांचा जोडफोटो, बँकेचं पुस्तक, सगळं क्रमानं टाचलेलं. मामींची जन्मतारीख तीन कागदांवर तीन असायची हा फौजी घरांतला नेहमीचा घोळ. तो त्यांनी हयातीतच निस्तरून ठेवला होता. शेवटचं कलम: आलेल्या लोकांना चहा, साखर जास्त, लांबून आलेले असतात.

पहिल्या कलमाची वेळमर्यादा मात्र आमच्यापैकी कुणालाही पाळता आली नाही. घरात त्यांचा हुकूम कुणी कधी पाळला होता?

मग नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यानं दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो, आणि फॅमिली पेन्शन सुरू झाल्यावर ती पाळी मामींवर आली. आता हे मोबाइलवर होतं. बोटाचा ठसा मशीन घेईना, कारण इतकी वर्षं राख, माती आणि जातं यांनी मामींच्या बोटांवर रेघ शिल्लक ठेवलेली नव्हती. तेव्हा चेहरा दाखवायचं ठरलं. मी मोबाइल समोर धरला. मामींनी पदर सारखा केला, पाटल्या पुढं घेतल्या आणि फोटोला बसतात तशा ताठ बसल्या.

"मामी, ते डोळे मिचकवायला सांगतंय."

"काय सांगतंय?"

"डोळे. मिटायचे आणि उघडायचे."

मामींनी आधी दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अठ्ठावीस वर्सं ह्ये बार्डरवर हुते, तवा कुनाकडं बगून डोळा मिचकवला न्हाई. आन् आता सरकार सांगतंय व्हय?"

"मिचकवा मामी, नाहीतर पेन्शन थांबेल."

मामींनी मिचकवला. मोबाइलला पटलं नाही. पुन्हा मिचकवला, तेव्हा त्यांना हसू आलं, चेहरा हलला, मोबाइल म्हणाला पुन्हा प्रयत्न करा. धाकटी आतून बघायला आली, नातवंडं गोळा झाली, आणि अख्खं घर आजीला डोळे कसे मिचकवायचे ते दाखवायला लागलं. अखेर एकदाचं हिरवं चिन्ह उमटलं.

"झालं मामी. तुम्ही जिवंत आहात."

"त्ये मला ठावं हाय," मामी म्हणाल्या. "पैसं कधी जमा हुतील, त्ये इचार."